दुसऱ्या अंतऱ्यातला सोऱ्या

२४ नोव्हेंबर ९६, रविवार
चर्चमधून परस्पर मिरजगावला. गुलाबभाईचा निरोप होता. तीस वर्षं मांडव आणि स्पीकरचा धंदा, आता लग्नात सगळे कॅसेट मागतात. माळ्यावरची पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली. "घिऊन जावा दादा. हितं पोरं त्याच्या थाळ्या करून भिरकावत्यात. तुमच्याकडं कोन तरी ईचारंल त्यास्नी." एकेचाळीस रेकॉर्डी. त्याच्या दोन कप चहात साखर किती होती तेही आठवत नाही.

येताना एसटीत पेटी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. म्हटलं, मी खाली बसतो, ही सीटवर बसेल. ड्रायव्हरने ओळखलं. डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ओळखतात. त्याला सांगितलं, तिसऱ्या गिअरला गाडी कण्हतेय. "लई दिस झालं कन्हती दादा, कोन ऐकतंय."

घरी सुमनने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता आपण दोघांनी कुठं राहायचं तेवढं ठरवा."

२६ नोव्हें., मंगळ.
दिवसभर रेकॉर्डी धुतल्या. रिठ्याचं कोमट पाणी, जुन्या मलमलीचा बोळा, खाचांच्या दिशेने गोल गोल. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. मग सुमनच्या ताटाळ्यात वाळत. शेजारीण डोकावून गेली, म्हणाली, काळ्या ताटल्या कुठून आणल्या. सुमन म्हणाली, माहेरच्या आहेत.

सनईच्या एका रेकॉर्डवर हळदीचं बोट उमटलंय. कुणाच्या लग्नातलं कोण जाणे. तेवढं पुसलं नाही. लावली तर अशी काही वाजली की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. आज फार आनंदात आहे. जेवायचंही विसरलो, सुमन नाही विसरली.

२९ नोव्हें., शुक्र.
निकमांनी बोलावलं. त्यांच्या साप्ताहिकात बावीस वर्षं माझं सदर. कोणती रेकॉर्ड घ्यावी, कोणता स्पीकर, कोणती सुई, आणि हल्ली सीडीचा उद्धार. निकम म्हणे, "भास्करराव, वाचक कंटाळले. प्रत्येक लेखात तुम्ही सीडीच्या नावानं खडे फोडता. तो प्रशांत म्हणतो, डोळे बांधून बसवलं तर तुम्हाला फरक सांगता येणार नाही."

प्रशांत म्हणजे कापडबाजारातला सीडीवाला. पस्तिशीचा असेल, बोलायला गोड. त्याने पैज घातलीय. ८ तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये, पडद्याआडून पाच गाणी. रेकॉर्ड की सीडी ते मी सांगायचं. एक जरी चुकलं तर सदर प्रशांतकडे. मी तावातावात म्हटलं, पाच कशाला, पन्नास लावा.

घरी येईपर्यंत ऐट टिकली. चहा घेताना उतरली. सदर गेलं तर शनिवारी सकाळी मी करायचं काय? कुणाला सांगायचं काय ऐकलं ते?

४ डिसें., बुध.
सराव चालू. आज माझ्या आवडत्या गायिकेची, बाईंची, भजनांची एलपी लावली. घरातली सगळ्यात लाडकी, आणि सगळ्यात जखमी. ७१ सालच्या नाताळात मी ती लावून बसलो होतो आणि सुमन शेजारी फळीवरून चकलीचा सोऱ्या काढत होती. सोऱ्या निसटला तो थेट फिरत्या रेकॉर्डवर. तेव्हापासून दुसऱ्या अंतऱ्यात तीन बारीक टक्, आणि चौथा मोठा. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. ती आजही म्हणते, सोऱ्या जागेवरच होता, रेकॉर्ड मध्ये आली.

तरीही एवढी चांगली प्रत दुसरी नसावी. ८८ साली पुण्याच्या एका कंपनीचा माणूस मुद्दाम येऊन घेऊन गेला होता. त्यांची मूळ टेप खराब झालेली, म्हणून कॅसेट काढायला माझी हवी होती. महिन्याने परत दिली, सोबत पेढे. पुढे त्या कॅसेटचं काय झालं कळलं नाही.

सुमन म्हणते, "इतकं ऐकलं तर रविवारपर्यंत कानाला दडे बसतील." तिला काळजी वाटतेय. आल्याचा चहा ठेवून गेली.

८ डिसें., रवि.
घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

हॉल भरलेला. गुलाबभाई मिरजगावाहून एम-८० गाडीवर आला होता, टोपी नवी. निकमांनी माझ्या डोळ्यांना रुमाल बांधला.

पहिलं, रेकॉर्ड. बरोबर. दुसरं, सीडी. बरोबर. तिसरं सीडी, चौथं रेकॉर्ड. दोन्ही बरोबर. मला काहीच कष्ट पडत नव्हते. मागून गुलाबभाईचा आवाज, "हाय का न्हाई आमचा दादा."

पाचवं. बाईंचं भजन. सुईची खरखर ऐकू आली आणि जिवात जीव आला. दुसरा अंतरा. टक्, टक्, टक्. मग मोठा टक्. अहो, ही तर माझीच. मनात म्हटलं, प्रशांतने ही वाजवायला आपल्या घरून मागून नेली, आणि मी हरू नये म्हणून सुमनने मुद्दाम हीच दिली. डोळे बांधलेले होते तरी ती जिथे बसली होती तिकडे बघून हसलो. आणि मोठ्याने सांगितलं, "रेकॉर्ड. आणि तीही माझ्या घरची."

प्रशांत म्हणाला, "काका, सीडी आहे."

रुमाल सोडला. त्याच्या हातात सीडी चमकत होती. हॉलमध्ये हशा. सुमन उभी राहिली, "मी काही दिलेलं नाही हो." तिचा चेहरा बघवेना.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, निकम, दहा मिनिटं द्या. गुलाबभाई सुमनकडून किल्ली घेऊन गेला आणि एलपी छातीशी धरून आला, एका हाताने गाडी चालवत. वेडा आहे. दोन्ही एकामागून एक लावल्या. त्याच शब्दावर तीन टक्, त्याच शब्दावर चौथा. पुण्याच्या त्या कंपनीने माझ्याच रेकॉर्डवरून सीडी काढलीय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रशांत तर वेड्यासारखा सीडी उलटसुलट बघत होता, जणू टक् दिसणारच.

सुमन म्हणाली, "म्हणजे माझा सोऱ्या दुकानात मिळतो?"

९ डिसें., सोम.
टाळ्या ठीक. पण हरलो. निकम म्हणाले, विचार करतो.

आणि खरं लिहायचं तर इथे लिहितो. पाचही वेळा मी गाणं ऐकलंच नाही. खरखर आली की रेकॉर्ड, नाही आली की सीडी. एवढंच करत होतो. एसटीचं इंजिन ऐकायची सवय, बिघाड कुठे तेवढं शोधायचं. बावीस वर्षं 'ऊब', 'खोली', 'गोडवा' असं लिहीत आलो. त्यातलं ऐकलं किती आणि लिहिलं किती, याची आज लाज वाटली. सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "मग हे छापा."

१४ डिसें., शनि.
छापलं. निकमांनी एक ओळ कापली नाही. 'मी कुठे चुकलो' असा मथळाही त्यांचाच. दुपारपर्यंत सात जण घरी येऊन गेले. एकाला सोऱ्या बघायचा होता. सुमनने फळीवरून काढून दाखवला, वर म्हणाली, हात लावू नका, निसटतो.

सदर कुणाचं ते निकम नव्या वर्षात सांगणार. प्रशांतने म्हणे त्यांना सांगितलंय, मला एकट्याला नको. पोरगा बरा निघाला.

२२ डिसें., रवि.
नाताळच्या फराळाला सुरुवात. चकल्यांची भाजणी कालच दळून आणली. सकाळी प्रशांत आला, सीडीचं यंत्र आणि ती सीडी ठेवून गेला. "आठवडाभर ऐका काका. आवडलं नाही तर शिव्या घाला, पण ऐकून घाला." चकल्या मात्र बांधून नेल्या.

मी यंत्राकडे पाठ करून बसलो होतो. सुमनला धीर कुठला. पीठ लागलेल्या हातांनीच मला अंगणात पिटाळलं. "भिंतीकडे तोंड करून बसा. मी लावते. ओळखा."

बसलो. ऊन पाठीवर. बाईंचा आवाज लागला. खरखर दोन्हींत सारखीच, टक् दोन्हींत तेच, त्यामुळे पकडायला हाताशी काहीच नव्हतं. मग नाइलाजाने गाणं ऐकायला लागलो. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी बाई श्वास घेतात. किती हळू घेतात. पंचवीस वर्षांत मला ठाऊकच नव्हतं, मी टक्‌ची वाट बघत असायचो.

आतून सुमन, "अहो, कोणती?"

"थांब, गाणं चालू आहे."

गाणं संपलं. ती दारात येऊन उभी राहिली, हातात सोऱ्या, गालाला पीठ. रेकॉर्ड की सीडी, ते मी शोधलंच नव्हतं.

म्हटलं, "परत लाव."