दाताखाली येणारी वेलची

२४ जानेवारी १९९१, रियाध

"वेलची दाताखाली आली म्हणजे करणारीचं लक्ष कामात नव्हतं." लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, माझी करंजी चावता चावता सासूबाई म्हणाल्या होत्या. वीस वर्षं झाली. तेव्हापासून वेलची साखरेबरोबर कुटते, चाळते. टरफलं चहाच्या डब्यात.

आज आठवलं, कारण वरच्या मजल्यावरची गुन्वोर माझ्या ओट्याशी उभी राहून वेलदोड्याचे दाणे नुसते ठेचत होती. तिचा ओव्हन बंद पडलाय आणि दुरुस्तीवाला सायरनला घाबरून जेद्दाला पळालाय. म्हणून माझा ओव्हन. विचारलं तिनं, नाही असं नाही — पण भिजवलेल्या पिठाचं पातेलं घेऊनच दारात उभी! स्वीडनमध्ये गोड पावात वेलची घालतात म्हणे. आणि ती दाताखाली यायलाच हवी म्हणे.

तिचं पीठ फुगेपर्यंत मी भाजी कुठे चिरायची?

२६ जानेवारी

काल परत इराकी क्षेपणास्त्रांचा सायरन. विषारी वायूच्या भीतीनं टेप लावून बंद केलेल्या खोलीत मी आणि लेक स्मृती, दाराच्या फटीला ओला टॉवेल; गिरीश कामावरच अडकलेला. आज गिरीश कामावरून आल्यावर विचारलं, अल सुलैकडे काही पडलं का? "ठीक आहे सगळं." तिथलं शीतगृह त्याच्याकडे आहे. युद्ध असो नसो, रोज जातो. रोज ठीक.

२८ जानेवारी

माझा आणि स्मृतीचा एक्झिट व्हिसा झाला. अकरा फेब्रुवारीला बसनं जेद्दा, तिथून विमान. ऑगस्टपासून मीच डोकं खात होते — चला, चला. आता गिरीशचाच नाही. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इथला परवाना तो मालक, म्हणतो, एक तरी माहीतगार माणूस इथं हवा.

"तुम्ही गेलात की मी निवांत," गिरीश म्हणाला. निवांत म्हणे.

३० जानेवारी

आज कहर झाला. गुन्वोर पीठ मळत होती. तिला मदत म्हणून मी वेलची तयार करून ठेवली. माझ्या पद्धतीनं, साखर घालून, मैद्यासारखी मऊ. घातली तिनं. पाव भाजले, खाल्ले. मग म्हणाली, "वास छान आहे. पण वेलची आहे कुठे?"

स्मृती सोळा वर्षांची, तोंड आवरत नाही. "आई, यू किल्ड इट."

ओव्हन माझा, वेलची माझी, आणि खुनीही मीच. दोघी हसत बसल्या. मी भांडी आदळली.

२ फेब्रुवारी

रहमतुल्ला आला होता. शीतगृहाचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा. त्याची बायको नूरुन्निसा आमच्याच बसनं गावी चाललीय, तिच्या सामानाचं विचारायला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "वैनी, सायबांच्या हाताची पट्टी सुटली काय?"

कसली पट्टी?

"सांगितला नाय त्यांनी? त्या सायरनच्या रात्री ऑफिसच्या काचा खलास. सायेब खिडकीतच होते."

आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट. मला वाटलं, थंडी!

संध्याकाळी बाही वर केली. सात टाके. "अनू, तुला झोप लागली नसती." जसं काही मी झोपतेच आहे.

५ फेब्रुवारी

गुन्वोर आली. आज मी वेलची कुटलीच नाही, खलबत्ता तिच्यापुढे सरकवला. चिडून विचारलं, तू का नाही जात तुझ्या देशात?

"ऑगस्टमध्ये गेले होते, नवऱ्याला इथं ठेवून," म्हणाली. "स्टिग रोज फोनवर सांगायचा, इथं सगळं ठीक. एके दिवशी मीच घरी फोन लावला, तो त्याच्या मित्रानं उचलला. तेव्हा कळलं, स्टिग तीन आठवडे इस्पितळात होता. रोज तिथूनच फोन करायचा."

"मग?"

"मग परत आले. आता आम्ही समोरासमोर भांडतो. फोनवर भांडायला मिळत नव्हतं."

तिनं ठेचलेले दाणे पिठात टाकले. पुढच्या मंगळवारी त्यांचा सण. उपासाचे दिवस लागण्याआधी असे पाव करून त्यात साय भरून खातात. "तू नसशील," म्हणाली आणि हात धुवायला वळली. मी एक पाव उभ्या उभ्या खाल्ला. दाणा दाताखाली आला. चांगला करकरीत. लक्ष होतं करणारीचं.

८ फेब्रुवारी

स्मृतीला विचारलं, नूरुन्निसामावशीबरोबर एकटी जाशील मामाकडे? चक्क मराठीत म्हणाली, "बाबा ऐकणार नाहीत."

१० फेब्रुवारी

बॅग एकच भरली, स्मृतीची. गिरीशच्या डब्यात गुन्वोरचा पाव ठेवलाय, त्याखाली चिठ्ठी — 'स्मृतीला जाऊ दे. मला नको पाठवूस.' नाहीच म्हणेल. म्हणू दे, समोरासमोर भांडू.