चौदा जणींसाठी टाकलेला फोटो

जालना,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय द्वारकाक्का,

नमस्कार. तू बरी असशील, दाजींची कंबर आता दुखत नसेल. माझ्या प्रियदर्शनीचा ताप काल उतरला. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातलं काम मी सोडलं. फोन बंद ठेवलाय, म्हणून कागदावर लिहून राह्यले.

सोमवारी शाळा सुटताना रामकिसन आल्ता. आम्ही त्याचं घर सोडल्यापासून तीन वर्षांनी. पोरीला म्हणला, "दुसरी ब ना तू? मी तुझा पप्पा. भाषण लई चांगलं केलंस." आन् तिचा हात धरला. वर्गाच्या नसरीनबाई मधी उभ्या राहिल्या. "आईला विचारल्याबिगर लेकरू सोडणार न्हाई मी." तो हसला. "राहू द्या. घर बी माहीत हाय मला."

मी पोचले तवा पोरीच्या मनगटावर त्याची बोटं उठलेली होती. माझी पाठ तू पाहिली हायस, जास्त काय सांगू?

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. पण गल्लीत मोटारसायकल थांबली की आम्ही दोघी बोलणं बंद करतो.

त्याच दिवशी मी तुला फोन केला, नको ते बोलले. "पत्ता तूच दिला त्याला." तू रडत शपथ घेतलीस, मी फोन कापला.

आक्का, पत्ता मीच दिला. पंधरा ऑगस्टला भाषणात पोरीचा पहिला नंबर आला. तीन वर्षं कुणाला काही दाखवलं न्हाई, त्या दिवशी राहवलं न्हाई. फेसबुकवर फोटो टाकला. मागं शाळेची पाटी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर घरचा पत्ता. खातं दुसऱ्या नावानं, ओळखीच्या चौदाच बाया. वाटलं, बघतील तर बघू दे. त्यातल्या एकीनं कौतुकानं पुढं धाडला, फिरत फिरत रामकिसनला मिळाला. मी फोटो काढून टाकला, पण त्याच्या मोबाइलातून कसा काढू?

तुझ्यावर ओरडताना मला हे सगळं ठाऊक होतं. स्वतःच्या तोंडानं कबूल करायची हिंमत झाली न्हाई.

उद्या आम्ही जालना सोडतो. गावाचं नाव लिहीत न्हाई. तुझ्यावर भरवसा न्हाई असं समजू नको. तो तुझ्या दारात आलाच, तर तुला खरंच माहीत नसावं. पोर विचारते, "नव्या शाळेत माझं नाव सांगायचं का?"

जमलं तर माफ कर.

जिथं असेल तिथं तुझीच,
बेबीनंदा