बेसण्यातली सही

५ ऑगस्ट
फिरून आलो, दूध काढायला फ्रिज उघडला तर पातेल्याशेजारी बाटल्यांची रांग. आत पाणी कसलं, कोरा चहाच! चिरंजीवांचा प्रताप. अभय, हे काय? म्हणे, "डभोईच्या बाजूच्या गावांतलं विहिरीचं पाणी आहे, बाबा. हात लावू नका." घर माझं, फ्रिज माझ्या खोलीत, आणि मीच हात लावायचा नाही. सूनबाई हसतेय. हेतल गुजराती, लग्नानंतर मराठी शिकली, पण हसते अजून गुजरातीत.
दुपारी त्याला समोर बसवून समजून घेतलं. तिथला एक रसायनाचा कारखाना घाण पाणी नाल्यात सोडत नाही, बोअर खणून जमिनीत दाबतो. वरून सगळं चकाचक. विहिरी मात्र लाल. मी जन्मभर शाळेत पोरांना ड्रिल शिकवली, मला रसायनातलं काय कळतंय. पण एवढं कळलं.

२१ ऑगस्ट
त्या कारखान्याचा मॅनेजर, दवे, घरी. हातात मिठाईचा डबा. वयाने अभयएवढाच, घामाघूम. अ. (अभय) इथे बडोद्यातच गोरव्याला, स्वतःच्या लेथच्या शेडवर होता, म्हणून गाडी माझ्याकडे वळली. "काका, अभयभाईने समजावो ने. शेठ बहु गरम छे." पोराला समजवा म्हणे. म्हटलं, शेठ गरम असेल तर गार पाणी पाजा त्याला, तिथल्याच विहिरीचं. डबा परत दिला. गेला बिचारा.
हेतल म्हणते, बाबा, मिठाई तरी ठेवून घ्यायची! वात्रट कुठली.

९ सप्टेंबर
अ. ने माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला होता. प्रदूषण मंडळाचे ऑफिसवाले कारखान्याची तपासणी करतात ना, मग बोअरपाशी मला उभं करा, माझ्यासमोर नमुना घ्या, त्यातला थोडा मला द्या. ऑफिसने नाही म्हटलं. आज अपील टाकलं. "सुनावणी लावावीच लागेल आता त्यांना!" चेहरा असा, जसा शाळेत पहिला आलाय. आमटी दोनदा मागून घेतली.

२८ सप्टेंबर
फोन आला, मी उचलला. नाव नाही, गाव नाही. "डोसा, छोकराने घेर बेसाड." म्हाताऱ्या, पोराला घरी बसव म्हणे! मी ड्रिलमास्तरचा ठेवणीतला आवाज काढला तेव्हा ठेवला त्याने. नंतर दाराची कडी दोनदा लावून बघितली, खोटं कशाला लिहू.
अ. ला म्हटलं पोलिसांत दे. आधीच दिलंय म्हणे, मला न सांगता. "मग आता थांबतोस?" "मी थांबलो म्हणून ते लोक पाणी प्यायचे थांबणार आहेत का, बाबा?" जेवलो.

१३ ऑक्टोबर
अभय गेला. मारला त्याला.

१५ ऑक्टोबर
लिहितो. लिहायलाच हवं.
संध्याकाळ होती, चांगला उजेड होता. डभोईकडून मोटरसायकलवर येत होता. दोघांनी अडवलं, तोंडं बांधलेली. सुरा. रस्त्यावर माणसं होती म्हणतात, कोणी काही…
पो. स्टे. ला विचारतात, कोणाशी भांडण होतं का? अहो, होतं ना! लेखी होतं! तुमच्याच टेबलावर त्याची तक्रार पडून आहे!
हेतल अजून रडलेली नाही. मी रडलो. माझं पोर हो.

१६ ऑक्टोबर
टपालात अ. च्या नावाचं पाकीट. सुनावणीची तारीख लागली. आता लागली!
तसाच उठून ऑफिसात गेलो. खिडकीवरचा कारकून माणूस बरा, उभा राहिला, पाणी दिलं. मग हळूच, "काका, अरजदार गुजरी गया एटले अपील बंद." म्हटलं, माणूस मारला की त्याचा प्रश्नही मेला? म्हणे साहेब तसंच लिहितील, तुम्ही तुमच्या नावाने नवा अर्ज करा. आणि उद्या मला मारलं तर? त्याने कोरा अर्ज पुढे सरकवला.
घरी येऊन हेतलला सांगितलं. तिने पाकिटातलं पत्र वाचलं. मग म्हणाली, "एकाच्याच नावाने का करायचा, बाबा? किती जणांना मारतील?"

१७ ऑक्टोबर
भांडण झालं आमचं. हेतलला बेसणं ठेवायचंय, त्यांच्याकडची शोकसभा. म्हटलं, आपण दहावा-तेरावा करू घरच्या घरी, मला तो तमाशा नको. पांढरे कपडे घालून बसायचं, येईल त्याला हात जोडायचे, कोणालाही येऊ नका म्हणायचं नाही. माझ्याने नाही होणार ते. तर म्हणते, "कोणाला नाही म्हणायचं नसतं म्हणूनच ठेवायचं. सगळं गाव येईल. अभयचा अर्ज छापून ठेवू, ज्याची इच्छा त्याने आपल्या नावाने सही करायची."
लोक काय म्हणतील, म्हणालो. "म्हणतील ते म्हणतील, सही तर करतील." चितपट केलं पोरीने. उठलो, छापखान्याचा नंबर शोधून दिला.

१९ ऑक्टोबर
बेसणं, दु. ४ ते ६, निजामपुऱ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये. माणूस मावेना. सोसायटीतले, गोरव्याचे कारागीर, आणि त्या गावांतल्या बाया ट्रॅक्टर करून आलेल्या. अ. चा फोटो, फुलांची थाळी, थाळीशेजारी टेबल, त्यावर अर्ज. हेतल प्रत्येकाला एकच सांगत होती, "वांचीने सही करजो." वाचून मग करा. काहींनी केली, काही हात जोडून सटकले. आमचे शेजारी जोशी सगळं वाचून, पेनाचं टोपण नीट लावून, गेले. त्यांचा राग नाही. आहे. चांगलाच आहे.
आणि दवे! पांढरा सदरा घालून हजर! गचांडी धरून बाहेर फेकावं असं झालं मला, हात शिवशिवत होते. पण बेसणं. जोडले हात. तो मान खाली घालून रांगेत पुढे सरकला. पुढचा लिहितोय, मागचे रेटतायत, यानेही लिहिलं. नाव, पत्ता, सही. एक ओळ वाचली नाही. काही घरांत बेसण्याला येणाऱ्यांच्या नावांची वही ठेवतात, त्यातलाच कागद समजला असणार. हेतलने तो अर्ज उचलून बाकीच्यांत ठेवला. पापणी हलली नाही तिची.

२२ ऑक्टोबर
सगळे अर्ज ऑफिसात दिले. दवेचासुद्धा. म्हटलं, अगं, ही फसवणूक आहे. "मी त्यालाही म्हटलं होतं, वाचून करा." कारकुनाने गठ्ठा बघितला, मला बघितलं, आणि एकेकावर शिक्का मारत बसला. चहा मागवला त्याने माझ्यासाठी.

१७ नोव्हेंबर
अर्ज करणाऱ्यांना धमकीचे फोन जातायत. आज आणखी एकाने पाय मागे घेतला. पोरंबाळं आहेत म्हणाला.
संध्याकाळी दवेचा फोन. आवाज पार गेलेला. "काका, मारुं नाम काढी नाखो." म्हटलं, मी कोण काढणारा? ऑफिसात जा, लेखी द्या, का काढताय तेही लिहा. "शुं लखुं?" काय लिहू म्हणून मलाच विचारतोय! मग, "काका, मने खबर नहोती."
कशाची खबर नव्हती? सहीची? की… मी विचारायच्या आत फोन ठेवला. हेतलला सांगितलं. आज रडली ती. पहिल्यांदा. मी जवळ बसून राहिलो.

१४ जानेवारी
उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत. सगळं बडोदं गच्चीवर पतंग उडवतंय, "काप्यो छे!" चाललंय. आम्ही खाली. सगळ्यांना नकाराचं एकच छापील उत्तर आलंय, अपिलाचे कागद लावत बसलोय. नकार आला तर आमच्या वतीने हेतलने अपील करावं, ही ओळ अर्जातच होती, त्यामुळे दवेचंही. हेतल सकाळी लेथचं शेड बघते, दुपारनंतर हे. वाळलीय.
जोशी आले तिळगूळ घेऊन. जरा वेळ घुटमळले, मग खिशातून त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज काढला. अक्षर बघा म्हणे, वाचता येतं ना? म्हटलं, बसा हो. गोड बोलायचा दिवस आहे म्हणून सोडतो तुम्हाला. दोघंही हसलो.

११ फेब्रुवारी
सुनावणी. साहेब नावं वाचत होते. निम्मे आलेच नव्हते. कारखान्यातर्फे वकील आणि त्याच्या शेजारी दवे. वाचता वाचता दवेचं नाव आलं. वकील हसला, साहेब, काहीतरी गफलत आहे.
दवे उभा राहिला.
"आ तमारी सही छे?"
"हा. मारी छे."
"अरजी पाछी खेंचो छो?" मागे घेता का?
आमच्याकडे त्याने बघितलं नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरलेली. मग म्हणाला, "ना."
वकील त्याला हाताला धरून खाली ओढतोय, हा बसेना!
हुकूम झाला. अर्जदारांसमोर तपासणी, अर्जदारांसमोर नमुना. घरी येऊन अ. च्या फोटोसमोर उभा राहिलो. म्हटलं, झालं रे, बाळा.

१८ फेब्रुवारी
उद्या तपासणी. वकील स्थगिती आणणार असं ऐकतो. अजून आलेली नाही. पोलिसांना विचारलं की एकच उत्तर, तपास चालू आहे. दवेची नोकरी गेली, मोबाइल बंद.
हेतल म्हणाली, दुसऱ्या रस्त्याने लांबून जाऊ. मग थोड्या वेळाने स्वतःच, "नको. त्याच रस्त्याने." म्हटलं, त्याच. गाडी ती चालवणार, मी शेजारी.
संध्याकाळी दवेच्या घरच्या फोनवर लावून बघितलं. त्याची आई होती. पोरगा कालपासून घरी आलेला नाही म्हणते, घाबरलीय. "तमे कोण, भाई?"
काय सांगायचं त्या माउलीला? म्हटलं, मी त्याच्याबरोबरचा अर्जदार. तो आला तर सांगा, सकाळी आम्ही निघतोय, वाटेत त्याला घेऊन जाऊ.