रंग न धरणाऱ्या गोळ्या आणि माझे घर

मी, ऑर्विल स्टॅनगर, वय वर्षे एक्क्याऐंशी, पूर्वी करवतगिरणीत कामाला, आता घरीच बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या ओतणारा, राहणार लेमहाय परगणा, आयडाहो, हे मृत्युपत्र राजीखुशीने करतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हात तेवढा ठिकाणावर नाही, तो थरथरतो. म्हणून मजकूर वकीलबाईंनी टंकला आहे, पण शब्द माझे आहेत. दर चार ओळींनी त्या "हे काढूया का?" असे विचारतात आणि मी नाही म्हणतो. यापूर्वी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे.

माझी पत्नी अर्डिस हयात नाही. मुलगा एकच, डॅरेल, तो बॉइसी शहरात असतो. त्याची घटस्फोटित बायको शॉना मात्र माझ्याच घरात राहते. घटस्फोट झाला तेव्हा ती बॅग भरून दारात उभी होती आणि मी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेलो. "तुम्ही बरे झालात की जाते," म्हणाली. मी बरा झालो. तो विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

पहिले. माझे राहते घर, मागची शेड आणि नदीपर्यंतची जमीन मी शॉनाला पूर्ण मालकी हक्काने देतो. डॅरेलच्या मनात घर विकायचे आहे, गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवले आहे. गेल्या उन्हाळ्यात फोनवर म्हणाला, "बाबा, कायद्यानं ती आपली लागते तरी कोण?" बरोबर आहे, कायद्याने कोणीच लागत नाही. म्हणून तर हा कागद. तो टिकला नाही, तर पन्नाशी उलटलेल्या या बाईला पुन्हा बॅग भरावी लागेल. माझ्या जिवाला घोर आहे तो एवढाच.

दुसरे. माझ्या वडिलांची रायफल, पिकअप गाडी, मासेमारीचे सामान आणि बँकेत जे काही असेल ते डॅरेलला. मी त्याला विसरलो नाही आणि त्याच्यावर रागावलेलोही नाही. पोरगा वाईट नाही, उतावळा आहे. रायफलीला तेल देत जा रे बाबा.

तिसरे. शिसे वितळवायचे भांडे, सगळे साचे, गोळ्या भाजायचा छोटा ओव्हन आणि ऐरण, म्हणजे शेडमधले सगळे, शॉनाला. यावर नेमबाजी क्लबातले लोक भुवया उंचावणार, म्हणून कारण नोंदवून ठेवतो.

आमच्या वेळी शिशाच्या गोळीला मधमाशांच्या मेणाचे वंगण चोळत, म्हणजे बंदुकीच्या नळीत शिसे चिकटत नाही. माझा उभा जन्म त्या मेणात गेला. मग नवी तऱ्हा आली. रंगाची कोरडी पूड प्लॅस्टिकच्या डब्यात घालायची, त्यात गोळ्या टाकून डबा खडखडा हलवायचा, पूड गोळीला चिकटली की ओव्हनमध्ये भाजायची. धूर नाही, चिकटा नाही, गोळी कशी लालचुटूक दिसते. मी बरीच वर्षे नाके मुरडली. मग गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजात काम करणाऱ्या शॉनाने पुडीची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "जमत नसेल तर राहू द्या." झाले! मी लगेच कामाला लागलो.

पण रंग काही धरेना. भाजलेली गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी करायची, रंग अंगासरशी राहिला तर पास, अशी परीक्षा असते. माझ्या गोळ्यांचे पोपडे उडत. हवा दमट म्हणावी तर आमच्याकडे थंडीत ओठ फुटतात इतकी कोरडी. मी डबा बदलला. ओव्हनचा काटा खोटा निघाला म्हणून आत वेगळा तापमापक टांगला. शिशात जस्त मिसळले असेल या संशयाने मर्लशी भांडलो. मर्ल ऑस्गुडचे टायरचे दुकान आहे आणि चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजने मी त्याच्याकडूनच घेतो.

"माझ्या शिशाला नावं ठेवतोस?" मर्ल म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं! जा, तुझं मेण फासत बस."

नापास गोळी कोणी ठेवत नाही, ती परत वितळवायची असा आमच्यात दंडक आहे. हिवाळाभर मी तीच ती गोळी ओतत होतो म्हणा ना.

एका दुपारी शॉना एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा झाला म्हणून बोलवायला आली. मी हातोडा उचलला होता. तिने खालून गोळी काढून घेतली.

"थांबा हो म्हातारबा. ठोकायच्या आधी बघा तरी. ही इथं टकली आहे, आणि पलीकडून तशीच."

"सगळ्याच तशा आहेत."

"सगळ्या एकाच जागी टकल्या?" तिने आपला अंगठा आणि बोट त्या जागी लावून पाहिले. बसले नाहीत. "तुमचा हात द्या बघू."

माझा अंगठा त्या उघड्या जागेवर तंतोतंत बसला. पलीकडे बोटही.

गोळी साच्यातून निघून निवली की दोन बोटांत धरून फिरवायची, खोट चाचपायची, ही आमची जुनी खोड. बाळाची दृष्ट काढावी तसा मी एकेक गोळी फिरवायचो. इतक्या वर्षांचे मेण बोटांत मुरलेले, साबणाला दाद न देणारे. मी जिथे जिथे प्रेमाने हात लावत होतो, तिथे तिथे रंग बसत नव्हता.

"गॅरेजात गाडीला असा हात लावला असता ना, तर मालकानं हाकललं असतं," ती म्हणाली आणि पातळ हातमोजे माझ्यासमोर टाकले. "घाला. शिसंही पोटात जायचं नाही. आणि आधी हात धुऊन जेवायला चला."

त्या खेपेची गोळी हातोड्याखाली नाण्याएवढी चपटी झाली, पण रंगाला तडासुद्धा गेला नाही. क्लबात मर्लने विचारले, "काय रे, कोणी शोधलं?" मी तोंड उघडायच्या आत शॉना म्हणाली, "कोण शोधणार? ऑर्विलनंच." तिथे मी गप्प राहिलो, कारण तिने डोळे वटारले होते. इथे तिचे डोळे वटारणे चालणार नाही. शोधले शॉनाने. अशी नजर आणि असे मन मी दुसऱ्या कोणात पाहिले नाही, आणि ती माझ्या घरात आली हे माझे भाग्य, असे मी कायदेशीर कागदावर लिहून देतो.

चौथे. मर्लला काहीही देत नाही. साक्षीदाराला वाटा ठेवू नये असे वकीलबाई सांगतात, आणि साक्षीदार होण्याचा हट्ट त्याचाच. आता भोग म्हणावे.

पाचवे, आणि शेवटचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुळशीच्या कुळातल्या विलायती रोपाची जी एक कुंडी आहे तिच्यामागे, एक लाल गोळी आहे. दोन्हीकडून टकली. मला ती परवा सापडली.

"ही नापास गोळी इथं काय करते? वितळवायची राहिली का?" मी विचारले.

"हात लावू नका तिला," शॉना भांडी घासता घासता म्हणाली. "डॅरेलकडे तुमचे फोटो आहेत, तुमचं आडनाव आहे. माझ्याकडे तुमचा अंगठा आहे."

मी रडलो, हेही वकीलबाईंना काढू दिलेले नाही.

ती गोळी शॉनाचीच आहे, मी देणारा कोण? फक्त ती कोणीही वितळवू नये. माझी सही आता कोंबडीने उकरल्यासारखी येते. उद्या डॅरेल किंवा त्याचा वकील म्हणेल, ही सही ऑर्विलची नव्हेच. म्हणून सहीशेजारी मी अंगठा उठवला आहे. शंका आलीच तर खिडकीतली गोळी आणावी, भिंग लावावे आणि ताडून पाहावे. टकल्या जागेच्या कडेला रंगात माझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या आहेत; रंग भाजून पक्का झाला आहे, पुसणार नाही. शॉना माझी कोण लागते, ते तिथेच कळेल.

हे सर्व मी वाचून घेतले, पटले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही व अंगठा केला.

ऑर्विल स्टॅनगर (सही, आणि शेजारी उजवा अंगठा)

साक्षीदार: मर्ल ऑस्गुड, टायरवाला. शिसे चोख होते, हे इथे नमूद व्हावे.
साक्षीदार: व्हिवियन पेटी, ग्रंथपाल. अंगठा माझ्यासमोर उठवला. उठवण्याआधी शॉनाबाईंनी त्यांना हात धुवायला लावले.

ठिकाण: लेमहाय परगणा, आयडाहो
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३