पिल्लाच्या गळ्यातली दोरी

आवं,

पिल्लाला घेऊन मी सांगलीला आईकडं निघालीय. काल मेढ्यास्नं आणताना तुमी त्याला पिकअपच्या हौद्यात गळ्याला दोरी बांधून उभं केलंसा. उंब्रजला गाडी झटक्यात पुढं काढलीसा तवा ते फाळक्यावरनं बाहेर लटकलं. मागच्या गाडीवाल्यानं ओरडून थांबवलं, न्हाईतर घरी मेलेलंच आलं असतं. वर हसत सांगताय, "कुत्रंच हाय, मरतंय व्हय?"

तीन महिन्यांचं लेकरू हाय ते! शेजारच्या अर्जुनादादाच्या गाडीत, पाटीत गोधडी घालून, मांडीवर धरून नेतेय. गळा सुजलाय, वाटंत डॉक्टरला दाखवते.

भाकरी दुरडीत हाय, आमटी गरम करून घ्या.

न्यायला यायचंच असंल तर एस्टीनं या. तुमच्या गाडीत आता मी बी बसायची न्हाई.

मंगल