माझ्या हातच्या गोल्फच्या काठ्यांबाबत

मी, धंद्याने लेथवाला, राहणार कारखान्यावरच्या दोन खोल्या, डोकं ठिकाणावर असताना व कुणी भरीस न घालता, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवतो. 

१. दोन्ही खोल्या, कारखाना व बँकेतली शिल्लक, सर्व स्वकष्टार्जित, पत्नीला. "बाईमाणसाला लेथ कशाला?" म्हणत थोरल्या भावाने मध्ये पडू नये. माझा हात मोडला होता तेव्हा लेथ तिनेच चालवला. भाऊ बघायलाही फिरकला नाही.

२. मुलीला गोल्फचं वेड लागलं. विकतच्या काठ्या परवडेनात, म्हणून मी घडवल्या. ती चिडायची, "बाबा, काठी काय म्हणता? म्हशी हाकायच्यात का? क्लब म्हणा!" क्लबच्या टोकाच्या पात्यामागे मी वजनासाठी शिशाची पट्टी चिकटवायचो, ती क्लब फिरवून बघायची. "अजून जरा जड." मग तिचं आजारपण आलं. "अजून जरा हलका." पट्ट्या काढून झाल्या, तसा मी लोखंडच कानशीने घासू लागलो. एके दिवशी तिने माझा हात धरला. "बाबा, आता घासू नका. दोष लोखंडात नाही."

घासून पातळ झालेला तो क्लब पत्नीने ठेवावा. विकू नये.

३. मुलगी गेल्यावर जावई नातीला घेऊन परगावी गेले. भेटायला गेलो, तर दारातच म्हणाले, "तिला आठवण नका करून देऊ. आत्ता कुठे रमलीय." त्यांना या घरातला खिळाही मिळू नये, असं लिहिलं होतं. पत्नीने वाचलं. म्हणाली, "अहो, त्यांचीही बायकोच गेली ना?" ते वाक्य खोडलं आहे. खोडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे.

४. नातीसाठी नवा संच घडवला आहे. पाती तयार आहेत. दांडे कापलेले नाहीत, कारण तिची उंची किती झाली, मला ठाऊक नाही. जो कापेल त्याने तिला सरळ उभं करावं, हात सैल सोडायला सांगावेत, मगच माप घ्यावं. शिसं डब्यात वेगळं ठेवलंय. जड हवं की हलकं, ते तिलाच विचारावं.

कुणी केले असं तिने विचारलं, तर सांगावं. एरवी नको.

सही: लेथवाला
साक्षीदार: समोरचा शिंपी (सही)
साक्षीदार: आमचे डॉक्टर, मला तपासून व माझ्यादेखत (सही)
ठिकाण: कारखाना, लेथशेजारी
दिनांक: सात मार्च