घरच्या माणसाला नोटीस

४ डिसेंबर, जळगाव
पत्र मिळालं. जर्मनीतल्या प्लांटवर दोन वर्षं, व्हॉल्व्हची चाचणी-लाइन उभी करायला. एच.आर.चे देवरे भाऊ चक्क खुर्चीतून उठले.
दीड पान. पगार, तिकीट, राहायची सोय. नोकरी जळगावच्या कं.चीच, फक्त तिकडे बसून करायची. प्रतिनियुक्ती. तिकडे काही बिघडलं तर नियम कुठला? पत्रात नाही.
धुळ्याला फोन केला. आई रडली. आबांनी एवढंच विचारलं, "तठे थंडी कितली ऱ्हास?"

६ डिसेंबर
नवा व्हॉल्व्ह हातात आला की आम्ही आधी विचारतो, हा कसा कसा निकामी होईल? तीच पद्धत स्वतःला लावून पाहिली. मी आजारी पडले. मला काढलं. अर्ध्यात परत बोलावलं. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: जबाबदारी कोणाची, कुठल्या देशाच्या नियमाने?
अख्खा रविवार यात गेला. कंटाळा आला नाही, हेच विचित्र.
आतापर्यंत कळलं ते असं. कामाचे तास, रजा, किमान पगार तिकडच्या कायद्याने. काढून टाकणं मात्र मूळ करार जिथला तिथल्या नियमाने. म्हणजे काम करताना मी जर्मनीत, काढलं की जळगावात. आयकर पहिला तिकडे. इथे काय दाखवायचं ते त्या वर्षी मी किती दिवस भारतात होते त्यावर. हे सी.ए.ला विचारायचं.

९ डिसेंबर
देवरे भाऊंकडे गेले. पी.एफ. इथेच भरत राहणार असू तर तसा दाखला पी.एफ. ऑफिसातून काढून न्यायचा, मग तिकडे पेन्शनसाठी वेगळं कापत नाहीत. दाखला नसेल तर दोन्हीकडे कापलं जाऊ शकतं.
"तुम्ही निघा मॅडम. नंतर रेग्युलराइज करून घेऊ."
"हे रजेसारखं नाही भाऊ. आधीच लागतं."
"आपल्याकडे आधी काय झालंय कधी?" हसले. अर्ज मात्र तिथल्या तिथे काढला. माणूस वाईट नाही.
मग पाटील सरांचं विचारलं. ते कं.तर्फेच केनियाला होते, एका फोनवर परत बोलावलं. इथे त्यांच्या जागेवर दुसरा. बरेच महिने कॉन्फरन्स रूममध्ये बसून होते, मग स्वतःच गेले. देवरे भाऊ आवाज उतरवून म्हणाले, "त्यांनी काही लिहून घेतलं नव्हतं ना."
मीही नाही घेतलेलं.

११ डिसेंबर
शबानाला व्हिडिओ कॉल. कॉलेजची मैत्रीण, तिचे अब्बा जळगावात शिलाई मशिनं दुरुस्त करतात. ती जर्मनीतच, पण थेट तिथल्या कं.च्या करारावर. उन्हाळ्यात नोकरी गेली.
"पहिला पगार पाहिला ना यार, वाटलं कोणीतरी चुकलंय. एवढं कापतात? आता तेच कापलेलं बेकारी भत्ता होऊन मला जेवायला घालतंय."
"मला काढलं तर?"
"तुला? तुला कोण काढणार, तुझे मालक आप्पा सोन्याचे आहेत." मग म्हणाली, "तुला काही नाही मिळणार. तू इथे पाहुणी."

१४ डिसेंबर, असोदा
कं.ची भरीत पार्टी, मालकांच्या शेतात. आप्पा दरवर्षी स्वतः वांगी भाजतात, कपाशीच्या काड्यांवर. सगळ्यांसमोर मला शाल-नारळ दिला. पत्रावर सही अजून केलेली नाही, हे फक्त देवरे भाऊंना आणि मला माहीत.
आप्पांजवळ जाऊन बसले. धूर डोळ्यांत.
"आप्पा, मला परत बोलावलं तर किती दिवस आधी सांगणार? आणि परत आल्यावर माझी जागा?"
त्यांनी वांगं उलटवलं. "काय इचारते वं पोरी! घरच्या मानसाले कोनी नोटीस देते का?"
सगळे हसले. मीही. पाटील सरही घरचेच होते, हे ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. भरीत चांगलं झालं होतं.

१७ डिसेंबर
आप्पा आज धुळ्याला गेले. आमच्या घरी! मला उत्तर द्यायचं ते आबांना द्यायला. फोनवर आई सांगत होती, केळीचा घड घेऊन आले, चहा घेतला, म्हणाले पोरगी नाराज दिसते, तुम्ही समजावा.
आबा एस.टी.त मेकॅनिक होते, बोलणं मोजकं. म्हणाले, "नोकरी तिनी शे आप्पा. तिलेच इचारा."
आई घाबरलेली. आता नोकरीच गेली तर?
शक्य आहे. ही जागा दुसऱ्या कोणाला देता येईल, हे मलाही माहीत आहे. तिथली चाचणी-लाइन उभी राहिलेली मला पाहायची आहे. फार पाहायची आहे. हे कुणाला बोलले नाही.

१९ डिसेंबर
आप्पांनी केबिनमध्ये बोलावलं. "तूच लिहून आन. काय पायजे ते. मी सही करून देतो, वाचत बी नाही."
देवरे भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. मला तो सोडता येईना. न वाचता केलेली सही म्हणजे पुन्हा घरचंच माणूस.
"वाचणार असाल तरच लिहिते."
एवढं बोलून बाहेर आले. 

२२ डिसेंबर
एक पान. बोलावण्याआधी दोन महिन्यांची सूचना. परत आल्यावर हीच श्रेणी. पी.एफ.चा दाखला हातात आल्याशिवाय निघणं नाही. आजारपणाचा विमा तिकडच्या पहिल्या दिवसापासून.
आप्पांनी चष्मा लावला. बोट ओळीवर ठेवून वाचलं, मोठ्याने, हळू. आजारपणाशी थांबले. "दात दुखला तं?" देवरे भाऊ हसले, ते हसले नाहीत. दातांचं लिहून घेतलं.
शेवटपर्यंत गेले. पान उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.
"हे सारं मी तुले बोलावलं तं. अन् मी बोलावलं, अन् तूच आली नाही तं?"
म्हटलं, येईन.
"ते बोलनं झालं. लिही."
मी पेन काढलं. देवरे भाऊ माझ्याकडे पाहत होते. आप्पाही, रागावून नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.
उद्यापर्यंत वेळ मागितला. दिला.
आता रात्रीपर्यंत तीन वाक्यं लिहून खोडली. तिन्ही कायद्याने बरोबर होती. मी येईन की नाही, ते एकातही नव्हतं.